धूमकेतू, कॅमेरा आणि आपली श्रद्धा



ऑक्टोबर २०२४ च्या मध्यास सूर्यास्तानंतर पश्चिम आकाशात एक तेजस्वी धूमकेतू दिसू लागला. महाराष्ट्रातील हौशी छायाचित्रकार कॅमेरे घेऊन गच्च्यांवर आणि टेकड्यांवर गेले. त्यांनी टिपलेली छायाचित्रे मोबाईलवरून घरोघरी पोहोचली. अशा वेळी धर्मग्रामांतून एक जुना प्रश्न हमखास विचारला जातो : ‘फादर, शेपटीचा तारा दिसणे अशुभ असते का?’ याचे उत्तर नीट देणे आम्हांस आवश्यक वाटते. कारण भयापोटी माणसे ठरलेली कार्ये पुढे ढकलतात आणि प्रार्थनेचाही तोडगा करून टाकतात.

धूमकेतू हा तारा नव्हे. तो बर्फ, धूळ व खडक यांचा गोळा असतो. सूर्याजवळ येताच उष्णतेने बर्फाची वाफ होते आणि वायू व धूळ बाहेर पडून शेपटी तयार होते. धुळीची शेपटी पिवळसर व किंचित वाकलेली, तर वायूची निळसर व सरळ असते. शेपटी सर्वसाधारणपणे सूर्याच्या विरुद्ध दिशेस असते. म्हणूनच सायंकाळी ती क्षितिजापासून वर उभारलेली दिसते.

२०२४ चा हा धूमकेतू ‘त्सुचिनशान–अ‍ॅटलास’ या नावाने ओळखला जातो. चीनमधील वेधशाळेला तो जानेवारी २०२३ मध्ये, तर दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅटलास दुर्बिणीला पुढच्याच महिन्यात आढळला. २७ सप्टेंबर २०२४ रोजी तो सूर्याच्या आणि १२ ऑक्टोबरला पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला. तेव्हाही तो आपल्यापासून सुमारे ७ कोटी किलोमीटर दूर होता!

नुसत्या डोळ्यांना अंधुक पट्टा दिसतो, मग छायाचित्रात लांब शेपटी कशी येते? आपला डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही; कॅमेरा मात्र काही सेकंद झडप उघडी ठेवून तो साठवतो. त्यासाठी कॅमेरा तिपाईवर स्थिर हवा. वेळ फार लांबवली, तर पृथ्वी फिरत असल्याने ताऱ्यांच्या रेघा उमटतात. शिवाय आकाश काळोखे हवे. १६ ऑक्टोबरच्या कोजागरीच्या चांदण्याने शेपटी फिकी केली होती. शहराच्या दिव्यांपासून दूर असलेले म्हैसमाळचे पठार अशा निरीक्षणास सोयीचे. मात्र सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय त्या दिशेला दुर्बीण मुळीच रोखू नये.

धूमकेतूचे पहिले छायाचित्र सप्टेंबर १८५८ मध्ये इंग्लंडमधील विल्यम अशरवुड यांनी घेतले. ते वेधशाळेतील शास्त्रज्ञ नव्हते. व्यक्तिचित्रे काढणारे छायाचित्रकार होते. हौशी निरीक्षकांची परंपरा अशी जुनी आहे.

ख्रिस्तसभेचे काय? १४५६ साली तिसरे कॅलिक्स्टस या पोप महोदयांनी हॅलेच्या धूमकेतूला बहिष्कृत केले, अशी कथा आजही सांगितली जाते. ती खरी नाही. त्यांनी युद्धसंकटात प्रार्थनेचे व घंटानादाचे आवाहन केले होते. त्या पत्रात धूमकेतूचा उल्लेखही नाही. उलट आपल्या देशातच, पुदुच्चेरी येथे, १६८९ साली येशूसंघीय फादर जाँ रिशो धूमकेतूचे निरीक्षण करीत असताना त्यांना नरतुरंग समूहातील ‘मित्र’ हा तारा जोडतारा असल्याचे आढळले. तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेची पुनर्स्थापना केली आणि तिचे कार्य आजही चालू आहे.

आणखी एक गोष्ट. नाताळात आपण गोठ्यावर शेपटीचा तारा लावतो. संत मत्तयच्या शुभवर्तमानात केवळ ताऱ्याचा उल्लेख आहे, शेपटीचा नाही. १३०१ मध्ये हॅलेचा धूमकेतू दिसला आणि त्यानंतर काही वर्षांतच इटलीतील पादुआ येथे चित्रकार जोत्तो यांनी बेथलेहेमचा तारा धूमकेतूच्या रूपात रंगविला. ज्याला लोक अरिष्ट समजत, तेच त्यांनी बाळ येशूच्या माथ्यावर आनंदाची खूण म्हणून ठेवले.

तेव्हा पुढचा धूमकेतू येईल तेव्हा दारे लावून घेऊ नका. मुलांना घेऊन गच्चीवर जा, त्यांना दिशा दाखवा, जमल्यास छायाचित्र घ्या आणि निर्माणकर्त्याचे आभार माना. २०२४ चा तो पाहुणा बहुधा पुन्हा कधीच परतणार नाही.