काळीत खांब उभा करताना

जुन्या गावगाड्यात जमिनीची नावे दोन : काळी आणि पांढरी. काळी पिकासाठी, पांढरी वस्तीसाठी. ही वाटणी नुसत्या रिवाजाची नव्हती; तिच्यात पायाचे शास्त्रही होते. आज बदनापूरच्या शिवारात मोसंबीच्या बागेशेजारी कुणी लाकडी मांडव उभारतो, तेव्हा तो पांढरी सोडून काळीत उतरतो आणि पहिला प्रश्न पडतो : खांबाखाली काँक्रीट किती?

हिशेब मांडून पाहू. चार खांब, छप्पर ३.६ मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे १३ चौरस मीटर. पत्रे, वासे, तुळया मिळून चौरस मीटरला २५ किलो. दुरुस्तीला वर चढणाऱ्यांसाठी आणखी ७५ किलो. हे झाले १३०० किलो. खांबांचे १०० मिळवले की १४००, दर खांबाला ३५०. ओल्या काळ्या मातीवर चौरस मीटरला ५ टनच भार टाकायचा, असा सावध आकडा धरला तरी पाया लागतो २७ सेंटिमीटर बाजूचा. जेवायच्या ताटाएवढा!

म्हणजे खरी अडचण वजन पेलण्याची नाही. हलक्या बांधकामाचे वैरी दोन, आणि दोघेही त्याला वर उचलतात.

पहिला वैरी मातीच. काळ्या मातीतील चिकणमातीच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दुमजली घर आपल्या ओझ्याने हा फुगवटा बराचसा दाबते. मांडवाला ते जमत नाही. पाया रुंद केला तर फुगणाऱ्या मातीला ढकलायला जागाच जास्त मिळते. शिवाय पाटाकडचा खांब अधिक उचलला जातो, कोरड्या बाजूचा कमी. मग सांधे उकलतात. म्हणून काळीत रुंदीपेक्षा खोली महत्त्वाची. साधारण ३.५ मीटर खाली मातीची ही हालचाल नगण्य होते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर कंद असलेले काँक्रीटचे खांब याच तत्त्वावर उभे आहेत. मांडवाला एवढा खर्च परवडत नाही. त्याने मुरूम लागेपर्यंत खणावे. दीड मीटरवरही मुरूम लागला नाही, तर तळाची ३० सेंटिमीटर काळी काढून तिथे मुरूम धुम्मस करावा. पायाभोवतीही काळी परत न लोटता मुरूमच भरावा आणि वरून पाणी बाहेर वाहील असा उतार द्यावा.

दुसरा वैरी वारा. वादळाचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरला, तर दाब येतो चौरस मीटरला सुमारे ९३ किलो. तो सगळा छपराला वर खेचतो असे मानले, तर ओढ १२०० किलोंची. मांडवाचे स्वतःचे ४२५ वजा जाता दर खांबाला सुमारे १९५ किलो उरतात. आता तळाशी ४५ सेंटिमीटर लांब-रुंद, ३० जाड ठोकळा आणि त्यावर २५ सेंटिमीटर चौरस, ९० उंच काँक्रीटचा खुंट घेतला, तर वजन भरते २८० किलो; ओढीच्या जवळजवळ दीडपट. पाया मुरमावर टेकल्याने ही रुंदी बाधत नाही. मुरूम खोल असेल तर खुंट तेवढा लांबवावा. मात्र लाकूड काँक्रीटमध्ये गाडू नये, ते कुजते. काँक्रीटमध्ये बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांना बोल्टने जखडावे. ते सुटले तर २८० किलो जमिनीत राहतील आणि छप्पर शेजाऱ्याच्या रानात जाईल.

मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांत खांब नुसता दगडी तळखड्यावर टेकलेला असे, तरी तो उडत नसे. कारण डोक्यावर होती माती : ३० सेंटिमीटर थर म्हटला तरी चौरस मीटरला सुमारे ५०० किलो. तेच ओझे १९९३च्या किल्लारी भूकंपात जीवघेणे ठरले. पत्रा आला आणि डोक्यावरचे ओझे गेले. पण वाऱ्याचा हिशेब मिटला नाही. माळवदाने जे वजन वर धरले होते, तेच आता आपण काँक्रीटच्या रूपाने जमिनीखाली ठेवतो. आणि काँक्रीटचा खुंट जमिनीवर १५ सेंटिमीटर राखला, की ओल आणि वाळवी यांपासून लाकूड वाचवण्याचे तळखड्याचे जुने कामही तोच करतो.