गृहपाठ

शाळेत शिकविलेल्या भागाचा सराव व्हावा म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शाळेच्या वेळेबाहेर, बहुधा घरी, करावयास दिलेला अभ्यास म्हणजे गृहपाठ. शुद्धलेखन, गणिते, प्रश्नोत्तरे, निबंध, पाठांतर आणि अलीकडे ‘प्रकल्प’ हे त्याचे नेहमीचे प्रकार होत.

शब्द नवा असला तरी रीत जुनी आहे. पूर्वी मराठी घरांत मुले दिवेलागणीला परवचा म्हणत. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी ही अपूर्णांकांची कोष्टकेही त्यात येत. हा अभ्यास तोंडी असल्याने त्याला वही लागत नसे आणि चूक झाली की ऐकणारे वडीलधारे ती तेथेच सुधारीत. लेखी गृहपाठात नेमकी हीच सोय उरली नाही.

उपयोग आणि मर्यादा

सरावाने कौशल्य पक्के होते, हे गृहपाठाचे मुख्य समर्थन. परंतु सरावाने चूकही पक्की होते. ५२ मधून २७ वजा करताना लहान अंक मोठ्यातून काढावयाचा असे समजून मूल ३५ हे उत्तर लिहिते (योग्य उत्तर २५). अशी दहा उदाहरणे त्याने घरी सोडविली आणि वहीवर केवळ तारीख व सही पडली, तर त्या गृहपाठाने लाभापेक्षा हानीच अधिक केली. पन्नास मुलांच्या वर्गात दहा उदाहरणे दिली की तपासावयाची उदाहरणे पाचशे होतात. म्हणून दोनच उदाहरणे देऊन ती नीट तपासणे अधिक हिताचे.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात गृहपाठ व संपादणूक यांचा संबंध सातवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांत अधिक दृढ, तर त्याखालील इयत्तांत क्षीण आढळला.

ओझे

गृहपाठाचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही. शिकलेले पालक, बसावयास जागा आणि संध्याकाळची मोकळीक ही त्याची न लिहिलेली साधने होत. घरातील पहिल्यानेच शाळेत जाणाऱ्या मुलाला अडलेले विचारावयास कोणी नसते. अपुऱ्या वहीची शिक्षा मात्र त्यालाच होते. मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी गावी हंगामी वसतिगृहे चालविली जातात. आईवडील फडावर असताना तेथे होणाऱ्या अभ्यासाला ‘गृह’पाठ तरी कसे म्हणावे?

धोरणे

कादंबरीकार आर. के. नारायण यांनी राज्यसभेत दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न मांडला होता. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ च्या अहवालात प्राथमिक वर्गांना, परिसराच्या निरीक्षणाखेरीज, गृहपाठ देऊ नये अशी शिफारस केली. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्यास जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवीला दररोज १ तास आणि नववीपासून पुढे दररोज २ तास अशी मर्यादा आहे. शिकवणीवर्गांतून मिळणारा अभ्यास या हिशेबाबाहेर राहतो.