पॉवर टिलर अचानक रुसला, तर?



आषाढात पावसाची झड लागलेली असते, खाचरात पाणी साठलेले असते, राबातले रोप लावणीला आलेले असते आणि नेमका त्याच दिवशी पॉवर टिलर चालू होत नाही. काल दिवस मावळेपर्यंत चिखलणी केलेले यंत्र आज हँडल मारून मारून दंड भरून आले तरी हूं की चूं करीत नाही. आपल्याकडे उसाच्या बांधणीत टिलर एक दिवस थांबला, तर काम उद्यावर जाते, एवढेच. पण घाटाखाली महाड-पोलादपूर भागात, तळीयेसारख्या डोंगरउतारावरच्या गावात, तसे भागत नाही. भाताचे रोप साधारण २१ ते २५ दिवसांचे असताना लावावे. जून झाले की फुटवे कमी येतात आणि वर्षाच्या पिकाला फटका बसतो. खाचरे लहान, एकाखाली एक. मोठा ट्रॅक्टर तेथे उतरत नाही. मिस्त्री महाडला, आणि वरंध घाटाचा रस्ता तर पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवावा लागतो. म्हणून इंजिनाची नाडी घरच्या माणसालाच पाहता आली पाहिजे. ती कशी पाहावी, ते आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

इंजिनाला काय लागते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा कोंडून जोराने दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा आला की तो पेट घेतो. म्हणजे गोष्टी तीनच : स्वच्छ डिझेल, मोकळी हवा आणि पुरता दाब. यांपैकी एक जरी कमी पडली, तरी इंजिन चालू होत नाही. सबब, पान्हा हाती घेऊन दिसेल तो नट ढिला करण्याआधी तिघांपैकी कोण गैरहजर आहे, ते ओळखावे.

पहिली गोष्ट, डिझेल

गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, डिझेलची तोटी उघडी आहे ना आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी ‘बंद’वर तर राहिली नाही ना, हे आधी पाहावे. हसू नका, पुष्कळदा दोष इथेच सापडतो. मग टाकीच्या तळचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते खाली बसते आणि वेगळे दिसते. पाणी निघाले, तर टाकी व फिल्टरची वाटी रिकामी करून धुवावी आणि फिल्टर बदलावा.

टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली असेल, तर नळीत हवा शिरते. तिला आपण ‘एअर धरला’ म्हणतो. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू थोडा ढिला करावा. आधी बुडबुडे येतील, मग सलग धार लागेल. तेव्हा तो आवळावा. त्यानंतर पंपाजवळ तसेच करावे. आता दाब सोडण्याची कळ धरून हँडल फिरवावे. नोझलपाशी ‘चर्र चर्र’ असा आवाज आला, तर डिझेल पोचते आहे असे समजावे. फवारा पाहण्यासाठी नोझलसमोर हात मात्र कधीही धरू नये. ती धार कातडी भेदून आत शिरते.

दुसरी गोष्ट, हवा

एअर क्लीनर उघडावा. आत चिखलाचे पाणी गेले असेल, तर तेल ओतून टाकून जाळी डिझेलने धुवावी आणि खुणेपर्यंत नवे तेल भरावे. यंत्र बरेच दिवस उभे असेल, तर धुराड्याच्या नळीतही डोकवावे. कुंभारीण माशीने तेथे मातीचे घर केलेले असू शकते. धूर बाहेर जाईना, तर नवी हवा आत येणार कोठून?

तिसरी गोष्ट, दाब

दाब सोडण्याची कळ न धरता हँडल सावकाश फिरवावे. एका ठिकाणी ते चांगलेच अडले पाहिजे. न अडता भसाभस फिरत असेल, तर व्हॉल्व्ह अडकला आहे, रिंगा झिजल्या आहेत किंवा हेडचे गॅस्केट गेले आहे. हे काम मिस्त्रीचेच. पण ‘डिझेल येते, हवा मोकळी आहे, दाब नाही’ एवढे त्याला फोनवर सांगता आले, तर तो नेमके सामान घेऊन येतो आणि त्याची एक खेप वाचते.

बुडालेले इंजिन

जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. अशा पाण्यात बुडालेल्या इंजिनाला घाईने हँडल मारू नये. हवा दबते, पाणी दबत नाही; सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी गेले आहे. सर्व तेल व डिझेल काढावे, नोझल उतरवून पाणी बाहेर पडू द्यावे आणि नवे तेल भरूनच पुढे जावे.

पेट्रोलची यंत्रे

गवत कापायची व कोळपणीची छोटी यंत्रे पेट्रोलवर चालतात. त्यांत ठिणगी लागते. म्हणून प्लग काढून कोरडा व साफ करावा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते साखर कारखान्यांतूनही जाते, ही आपल्याला अभिमानाचीच गोष्ट. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, हेही ध्यानात ठेवावे. हंगाम संपला की टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करावेत. डिझेलच्या टिलरचे उलट : टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आत दव धरत नाही.

जिवापेक्षा यंत्र मोठे नाही

हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. उलटा झटका बसला, तर मनगट वाचते. बंद गोठ्यात इंजिन चालवून पाहू नये. धुरातला विषारी वायू दिसत नाही, पण माणूस घेतो.

आणि शेवटची गोष्ट. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावात दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. डोंगराला भेगा दिसल्या, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा गाव सोडण्याची सूचना आली, तर टिलर जेथे असेल तेथे सोडून निघावे. तो आणायला कोणी मागे फिरू नये आणि घरच्यांनी कोणाला फिरू देऊ नये. बिघडलेले इंजिन चार दिवसांनी दुरुस्त होते, वाहून गेले तर पुन्हा घेताही येते. घरचा माणूस तसा परत आणता येत नाही.