मादेइराचा वारा आणि उतरणारी विमाने

अटलांटिक महासागरातील मादेइरा या पोर्तुगीज बेटावर, फुंशालच्या विमानतळालगतच्या डोंगरउतारांवर, केवळ विमाने कशी उतरतात हे पाहण्यासाठी दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन तासन्‌तास तिष्ठणारी हौशी मंडळी आढळतात. मात्र डोळ्यांना जे दिसते त्याचा अन्वय लावताना काही भ्रामक समजुती हटकून आड येतात.

गैरसमज : धावपट्टी आखूड, म्हणून उतरणे बिकट.

वस्तुस्थिती : एके काळी हे यथार्थ होते. 1964 साली विमानतळ सुरू झाला तेव्हा धावपट्टी अवघी 1600 मीटर होती, आणि 19 नोव्हेंबर 1977 च्या रात्री, मुसळधार पावसात, दोनदा माघार घेऊन तिसऱ्या खेपेस उतरलेले बोइंग 727 तिच्या टोकावरून खाली कोसळून 131 माणसे प्राणांस मुकली. पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. जमीन अपुरी पडली तेथे सुमारे 70 मीटर उंचीचे 180 स्तंभ उभारून त्यांच्या माथ्यावर ती पेलण्याची तजवीज झाली, आणि 2000 सालापासून तिची लांबी 2781 मीटर आहे. उरला तो वारा. 1862 मीटरपर्यंत चढलेली पर्वतराजी ओलांडून उत्तरेचा वारा दक्षिणेस उतरतो, तेव्हा त्याचा वेग आणि दिशा क्षणोक्षणी पालटतात.

गैरसमज : विमान तिरपे येते, म्हणजे ते वैमानिकाच्या हातून सुटले.

वस्तुस्थिती : नदीच्या ओढीत समोरचा घाट गाठू पाहणारा नावाडी होडीचे नाक प्रवाहाच्या वरच्या अंगास वळवून ठेवतो, तद्वत वैमानिक विमानाचे नाक वाऱ्याकडे ठेवतो, आणि विमान खेकड्याच्या चालीने, परंतु नेमके धावपट्टीच्या रेषेवरून येते. जमिनीलगत तो पायाने सुकाणू दाबून नाक सरळ करतो, वाऱ्याकडचा पंख किंचित झुकवतो. त्या बाजूचे चाक आधी टेकते, धुराचा एक झोत उठतो, आणि मग दुसरे चाक टेकते.

गैरसमज : किती वाऱ्यात उतरावे, हा वैमानिकाच्या छातीचा प्रश्न.

वस्तुस्थिती : अन्यत्र पुष्कळदा वैमानिकाच्या निर्णयावर सोपवलेली ही बाब येथे कायद्याने बांधलेली आहे. वाऱ्याच्या ठरवून दिलेल्या मर्यादा ही निव्वळ शिफारस नव्हे, हुकूम आहे. शिवाय एका दिशेने येताना सरळ मार्ग नसून, डोंगराकडे येत येत अखेरीस खाली उजवे वळण घ्यावे लागत असल्याने, प्रमुख वैमानिकास या विमानतळापुरते खास प्रशिक्षण घेतल्यावाचून उतरण्याची मुभा नाही.

गैरसमज : टेकता टेकता पुन्हा वर गेलेले विमान म्हणजे फसलेला प्रयत्न.

वस्तुस्थिती : पुन्हा वर जाण्याची वाट उतरण्याआधीच आखलेली असते, आणि शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर किंवा अन्य नियोजित ठिकाणी पोहोचण्यापुरते इंधन निघतानाच टाकीत घेतलेले असते. उतारावरच्या टाळ्या उतरणाऱ्या विमानास मिळतात. ज्या विमानाने वाऱ्याचा रंग ओळखून नाक उचलले, त्याचा वैमानिकही आपले काम तितक्याच चोखपणे बजावून गेलेला असतो.