नळी बदलली तर पुरावा कुणाचा?

गोळी कोणत्या पिस्तुलातून सुटली हे तिच्यावरील ओरखड्यांवरून ओळखता येते, असे खटल्यांच्या बातम्यांत आपण नेहमी वाचतो. हे विधान पूर्णपणे काटेकोर नाही. गोळीवर उमटतात ते पिस्तुलाच्या नळीचे, म्हणजे बॅरलचे, ओरखडे. अर्धस्वयंचलित पिस्तुलांपैकी बहुतेकांची नळी मात्र सुटी होते. ती काढून दुसरी बसवता येते. मग हा पुरावा पिस्तुलाविरुद्धचा म्हणायचा की नळीविरुद्धचा? अमेरिकेत १९२०च्या दशकात हा प्रश्न एका खटल्यात उभा राहिला, तेव्हा दोन माणसांचे प्राण पणाला लागलेले होते. त्या खटल्याकडे वळण्यापूर्वी नळीच्या आत काय घडते ते पाहू.

नळीच्या आत

फिरता भोवरा तोल सांभाळतो, थांबला की कलंडतो. लांबट गोळीचेही तसेच आहे. न फिरता सुटली तर ती हवेत कोलांट्या खाते. म्हणून नळीच्या आतल्या बाजूस पेचदार खाचा पाडलेल्या असतात. गोळीचा व्यास नळीच्या अंतर्व्यासापेक्षा किंचित मोठा असतो. त्यामुळे ती नळीतून दाबली जात पुढे सरकते, खाचांत रुतते आणि स्वतःभोवती फिरू लागते. उदाहरणार्थ, कोल्ट कंपनीच्या .३२ कॅलिबरच्या पिस्तुलात खाचांचा एक पूर्ण फेरा सुमारे ४०६ मि.मी. लांबीचा असतो. गोळीचा वेग सेकंदाला २७५ मीटर धरला, तर २७५ भागिले ०.४०६ म्हणजे सेकंदाला सुमारे ६८० फेरे होतात. घरातल्या पंख्याशी तुलना केली म्हणजे हा आकडा किती मोठा आहे ते ध्यानात येईल.

गोळीचे बाह्य आवरण नळीच्या पोलादापेक्षा मऊ असते. त्यामुळे नळीतील प्रत्येक उंचवटा तिच्यावर रेघ ओढतो. या खुणा दोन प्रकारच्या असतात. खाचांची संख्या, रुंदी आणि पेचाची दिशा ही झाली 'जातीची' लक्षणे. कोल्टच्या नळीत सहा खाचा असत आणि पेच डावीकडे वळे. तेव्हाच्या इतर अनेक पिस्तुलांचा पेच उजवा असे. दुसरा प्रकार 'व्यक्तीच्या' लक्षणांचा. खाचा पाडणाऱ्या हत्याराची धार प्रत्येक नळीगणिक थोडी झिजते, तिच्यात कण अडकतात. पुढे वापराने, गंजाने आणि साफसफाईने नळीत आणखी सूक्ष्म चरे पडतात. एकाच यंत्रावर पाठोपाठ तयार झालेल्या दोन नळ्याही त्यामुळे अगदी एकसारख्या नसतात.

दुसरी नळी का बसते?

पिस्तुलाचे सुटे भाग इतक्या ठरावीक मापांत बनतात की एका पिस्तुलाची नळी त्याच नमुन्याच्या दुसऱ्या पिस्तुलात सहज बसते. काही पिस्तुलांत तर वेगळ्या कॅलिबरची नळीही चालते. ही मुभा मात्र मर्यादित आहे, आणि तिचे कारण पदार्थविज्ञानात आहे.

.४० एस अँड डब्ल्यू (१९९०) आणि .३५७ सिग (१९९४) ही दोन काडतुसे घेऊ. पहिल्याच्या गोळीचा व्यास सुमारे १०.२ मि.मी., तर दुसऱ्याच्या गोळीचा सुमारे ९ मि.मी. आहे. तरीही दोघांच्या पुंगळीचा बूड सारखाच, १०.८ मि.मी.च्या आसपास, आहे. काडतुसाचा बूड ज्या सरकत्या भागाला टेकतो त्याला स्लाइड म्हणतात. बूड सारखा असल्याने दोघांना एकच स्लाइड चालते.

आता संवेग पाहू. गोळी पुढे जाते तेव्हा स्लाइड तेवढ्याच संवेगाने मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर टाकते आणि पुढचे काडतूस आत ओढते. .४०ची ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने सुटते. तिचा संवेग ०.०११७ गुणिले ३००, म्हणजे ३.५ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होतो. .३५७ची ८.१ ग्रॅमची गोळी सुमारे ४१० मीटर वेगाने सुटते. तिचा संवेग ३.३ येतो. दोन्ही संवेग जवळपास सारखे असल्यामुळे तीच स्लाइड आणि तीच स्प्रिंग दोघांनाही पुरते. ऊर्जेचे गणित मुलांनी स्वतः करून पाहावे: पहिलीची सुमारे ५३० ज्यूल, दुसरीची सुमारे ६८०. संवेग आणि ऊर्जा या राशी भिन्न आहेत हे वर्गात पटवून द्यायला हे उदाहरण चांगले आहे. बूड, संवेग किंवा नळीतील दाब यांचा मेळ नसेल, तर नळी बदलणे धोक्याचे ठरते. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याच्या भागांचा समावेश आहे. म्हणजे सुटी नळीही कायद्याच्या नजरेत शस्त्रच आहे.

गोळी क्रमांक तीन

१५ एप्रिल १९२० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील साउथ ब्रेन्ट्री येथे पादत्राणांच्या कारखान्याचा पगार लुटला गेला. रोकड नेणारा फ्रेडरिक पार्मेंटर आणि रखवालदार अलेस्सान्द्रो बेरार्देल्ली यांचे खून झाले. आरोपी निकोला साको आणि बार्तोलोमेओ व्हान्झेत्ती हे अराजकवादी विचारांचे इटालियन स्थलांतरित होते. मृतांच्या शरीरांतून काढलेल्या सहा गोळ्यांपैकी पाचांवर उजव्या पेचाच्या खुणा होत्या. तिसऱ्या क्रमांकाच्या गोळीवर मात्र डाव्या पेचाच्या होत्या. अटकेच्या वेळी साकोजवळ .३२चे कोल्ट सापडले होते.

१९२१च्या खटल्यात पोलीस दलातील तज्ज्ञ कॅप्टन विल्यम प्रॉक्टर यांनी साक्ष दिली की, ही गोळी त्या पिस्तुलातून सुटली असण्याशी खुणा सुसंगत आहेत. ज्यूरीने दोघांना दोषी ठरवले. १९२३मध्ये प्रॉक्टर यांनी प्रतिज्ञापत्रावर खुलासा केला की, गोळी कोणत्या तरी कोल्टमधून सुटली एवढेच त्यांना म्हणायचे होते; ती साकोच्याच कोल्टमधून सुटल्याचा पुरावा त्यांना मिळालेला नव्हता. म्हणजे त्यांनी जातीची लक्षणे सांगितली होती. 'सुसंगत' या एका शब्दामुळे ऐकणाऱ्यांनी ती व्यक्तीची लक्षणे समजण्यास वाव राहिला.

त्याच वर्षी फेरखटल्याच्या अर्जावर सुनावणी चालू असता बचाव पक्षाचे तज्ज्ञ अल्बर्ट हॅमिल्टन यांनी तशीच दोन नवी कोल्ट पिस्तुले न्यायालयात आणली आणि साकोच्या पिस्तुलासह तिन्ही सर्वांसमक्ष सुटी करून पुन्हा जोडली. ते निघाले तेव्हा न्यायाधीश वेब्स्टर थेयर यांनी तिन्ही पिस्तुले ठेवून घेतली. १९२४च्या आरंभी तपासणीत लक्षात आले की, साकोच्या पिस्तुलाची जुनी, गंजट नळी नाहीशी झाली असून तिच्या जागी चकचकीत नवी नळी आहे. गंजलेली नळी हॅमिल्टन यांच्या एका पिस्तुलात बसलेली होती. दोन्ही पक्षांनी एकमेकांकडे बोट दाखवले. न्यायाधीशांनी जुनी नळी साकोचीच असल्याचे ठरवून ती परत बसवायला लावली. अदलाबदल कोणी केली याचा निर्णय मात्र दिला नाही. पिस्तुलाच्या चौकटीवरील क्रमांक जागच्या जागी होता, आणि गोळीशी जोडणारा दुवा मात्र निसटून गेला होता.

जून १९२७मध्ये कॅल्व्हिन गॉडर्ड यांनी तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. या उपकरणात दोन गोळ्यांची अर्धी-अर्धी प्रतिमा एकाच दृष्टिक्षेत्रात शेजारी दिसते. त्यांच्या निष्कर्षानुसार तिसरी गोळी साकोच्या पिस्तुलातील नळीतूनच सुटली होती. घटनास्थळी सापडलेली एक पुंगळीही त्याच पिस्तुलाची ठरली. हा पुंगळीचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, कारण पुंगळीवरील फायरिंग पिनचा आणि मागील पृष्ठभागाचा ठसा नळीचा नसतो. तो स्लाइडकडून येतो. नळी बदलली तरी तो बदलत नाही. पुढे १९६१ आणि १९८३मधील तपासण्यांतही गोळीविषयी हाच निष्कर्ष निघाला.

२३ ऑगस्ट १९२७ रोजी दोघांना देहदंड दिला गेला. बरोबर पन्नास वर्षांनी, १९७७मध्ये, राज्यपाल मायकेल डुकाकिस यांनी त्यांना न्याय्य वागणूक मिळाली नव्हती असे घोषित केले. सूक्ष्मदर्शकाचा निष्कर्ष आणि खटल्याचा न्याय्यपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही गोळी या नळीतून सुटली, असे सूक्ष्मदर्शक सांगू शकतो. त्या दिवशी ती नळी कोणत्या पिस्तुलात होती, पिस्तूल कुणाच्या हातात होते, किंवा समोर ठेवलेली गोळी खरोखर मृताच्या शरीरातूनच काढली होती का, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली याची अखंड नोंद लागते.

वर्गात करून पाहा

एकाच दुकानातून घेतलेल्या, पण वापरून कडा झिजलेल्या पाच-सहा प्लॅस्टिकच्या पट्ट्या जमवा आणि त्यांना क्रमांक द्या. साबणाच्या वडीच्या सपाट पृष्ठभागावरून प्रत्येक पट्टीची कड एकदा ओढा. भिंगातून पाहिल्यास प्रत्येक कडेच्या रेघा वेगळ्या दिसतील. मग एका विद्यार्थ्याने गुपचूप एक पट्टी निवडून नव्या वडीवर ओढावी आणि इतरांनी ती ओळखावी. असे वीस वेळा करा आणि चुकलेली उत्तरे मोजा. अधूनमधून या संचात नसलेली पट्टीही वापरा, म्हणजे 'यांपैकी एकही नाही' असे म्हणण्याचे धैर्य मुलांत येते की नाही तेही कळेल.

हीच मोजणी न्यायवैद्यक शास्त्रात बराच काळ पुरेशी झालेली नव्हती. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या विज्ञान-तंत्रज्ञान सल्लागार परिषदेने २०१६च्या अहवालात म्हटले की, तज्ज्ञ किती वेळा चुकतात हे दाखवणारा योग्य रीतीने आखलेला अभ्यास तोवर एकच झाला होता. हातोड्याच्या ठोक्यांनी घडवलेल्या, बहुभुजाकृती छेदाच्या आधुनिक नळ्या तर गोळीवर फारच पुसट खुणा ठेवतात.

म्हणून 'खुणा जुळतात' असे विधान ऐकले की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे: खुणा जातीच्या की व्यक्तीच्या? त्या पिस्तुलाच्या कोणत्या भागाच्या? आणि असे म्हणणारा शंभरात किती वेळा चुकतो? साकोच्या खटल्यात यांतील पहिला प्रश्न कुणी स्पष्टपणे विचारला असता, तर ज्यूरीसमोर काय सिद्ध झाले आहे आणि काय झालेले नाही, हे १९२१मध्येच उघड झाले असते.