निजणारीं यंत्रें आणि त्यांची राखण

जमिनींतील ओल मोजणारीं व टाकी भरल्याची वर्दी देणारीं बिनतारी यंत्रें हल्लीं आमच्या मळ्यांत येऊं लागलीं आहेत. त्यांतील पुष्कळ बॅटरीवर चालतात आणि ती फार दिवस पुरावी म्हणून बहुतेक वेळ निजून असतात. ह्या निजेंत जो धोका आहे तो वाचकांस समजावून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाय-फायच्या यंत्राचें उदाहरण घेऊं. निजतांना तें राउटरास तशी खूण करतें. राउटर त्याच्या नांवचे निरोप राखून ठेवितो, आणि सेकंदास सुमारें दहा वेळां दवंडी पिटून कोणाचे निरोप शिल्लक आहेत तें सांगतो. यंत्र अधूनमधून जागें होऊन दवंडी ऐकतें व आपले निरोप मागून घेतें.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. लखोटा लाखेनें बंद असला तरी वरचा शेरा कोणासही बदलतां येतो, हें आम्हांस ठाऊक आहे. येथेंही निरोपाचा मजकूर कुलुपांत असतो, पण निजेची खूण शेऱ्यासारखी उघडी असते. त्यामुळें जवळपास आलेला तिऱ्हाईत यंत्राच्या नांवानें खोटी खूण करूं शकतो. शेपर्स, रंगनाथन् व वानहोफ ह्या संशोधकांनीं सन २०२३ मध्यें असें दाखविलें कीं, ह्या युक्तीनें निरोप अडवून, मग राउटरास किल्लीची नोंद पुसावयास लाविली, तर कांहीं राउटर ते निरोप बिनकुलपी पाठवितात.

दुसरा धोका झोपमोडीचा. केंब्रिजच्या स्टाजानो व अँडरसन ह्यांनीं १९९९ सालींच त्याचा इशारा दिला होता. वाय-फायचें यंत्र आपल्या नांवें आलेल्या हाकेस, हाक मारणारा कोण हें न पाहतां, 'पोंचलें' असें उत्तर देतें; हें आबेदी व आबारी ह्यांनीं २०२० मध्यें दाखविलें. अशा हांका सतत मारून यंत्रास निजूं दिलें नाहीं, तर बॅटरी अकालीं संपते.

घाबरून जाण्याचें कारण नाहीं. अशा कामास चोरट्यास बिनतारी लहरींच्या टप्प्यांत यावें लागतें. पण बेसावध राहणें बरें नव्हे. गेल्या उन्हाळ्यांत आमचा ओलमापक चार दिवस मुका होता. चोरटा कोणी नव्हता, बॅटरी संपली होती इतकेंच. परंतु वर्दी नाहीं म्हणजे सर्व क्षेम, असें आम्हीं समजलों आणि मिरचीचे दोन वाफे करपले.

म्हणून बंधूंनीं पुढील गोष्टी कराव्या. यंत्राचा निरोप उगमापासून मुक्कामापर्यंत कुलुपांत जातो काय, हें खरेदीपूर्वीं विचारावें. राउटर व यंत्र ह्यांची आज्ञावली सुधारून मिळते तेव्हां ती घ्यावी. बॅटरी घातल्याची तारीख वहींत टिपावी. ती नेहमींपेक्षां लवकर संपूं लागली तर कारण शोधावें. आणि यंत्र मुकें झालें कीं त्याच दिवशीं स्वतः बांधावर जाऊन माती हातांत घेऊन पाहावी.