पाच थाऊंचा हिशोब

महिंद्राच्या जुन्या जीपचं बॉनेट एवढं उंच का, याचं उत्तर तिच्या इंजिनात आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ‘गो-डेव्हिल’ नावाचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं. बार्नी रूस या अभियंत्याने ते साठ अश्वशक्तीपर्यंत आणलं. त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला बसत, म्हणून इंजिन बुटकं राहिलं. पुढे त्याच ब्लॉकवर इनलेटचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नेले आणि ‘हरिकेन’ तयार झालं. घनफळ २१९९ सीसी, म्हणजे पूर्वीइतकंच. ताकद बहात्तरपर्यंत गेली, पण उंचीही वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. मग १९५३ साली विलीजने बॉनेट आणि समोरची जाळी दोन्ही उंच केली. तीच सीजे-३बी. अमेरिकेत ते मॉडेल १९६८ साली बंद झालं, आपल्याकडे मात्र तो चेहरा पुढे कित्येक वर्षं रस्त्यावर येत राहिला. आपण ज्याला जीप म्हणून ओळखतो तो चेहराच मुळात इंजिन बदलल्यामुळे घडलेला आहे.

संपादकांना हवा होता तो हौशी जीपवाल्यांवरचा लेख: मोठाले टायर, विंच, पावसाळ्यातल्या चिखलातल्या शर्यती. मला त्या गाड्यांपेक्षा त्यांच्या पोटात काय चालतं याची ओढ जास्त होती. एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्याच कंपनीचं इंजिन बसतं तरी कसं, हे बघायचं तर कोल्हापूरला जावं असं वाटलं. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनवणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या. आसपास फाउंड्र्या आहेत. लेथवर काम करणारा माणूस शोधायला तिथे गल्ली ओलांडावी लागत नाही.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९४९च्या सुमारास मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात झाली. १९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर आला. १९७३च्या तेलसंकटात पेट्रोल महागलं, तेव्हा याच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं सुमारे २.३ लिटरचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं गेलं. ऐंशीच्या दशकात प्यूजोचं एक्सडीपी ४.९० आलं. चार सिलिंडर आणि नव्वद मिलिमीटरचा बोर, म्हणून ४.९०, घनफळ २११२ सीसी. ते इंजिन असलेली एमएम-५४० जीप चालवलेल्या माणसाला त्याचा आवाज आजही लांबून ओळखू येतो.

कारखान्याने जे आराखडे काढून, चाचण्या घेऊन केलं, तेच गल्लीतल्या गॅरेजांनी डोळ्यांच्या आणि हातांच्या भरवशावर केलं. कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात वडापचा, म्हणजे जीपमध्ये प्रवासी भरून नेण्याचा, धंदा वाढत होता. पेट्रोल जीपवर वडाप परवडत नसे. डिझेल कित्येक दशकं पेट्रोलहून बरंच स्वस्त होतं. २०१४च्या ऑक्टोबरात त्याचे दर सरकारने पूर्ण मोकळे केले. नवी डिझेल जीप घ्यायला पैसा नाही आणि दारातली पेट्रोल जीप तर धडधाकट, अशा मालकांनी तिच्यातलं हरिकेन उतरवलं आणि मिळेल ते डिझेल चढवलं. भंगारात गेलेल्या मेटॅडोरचं इंजिन त्यात मानाचं. मर्सिडीझच्या ओएम-६१६ या इंजिनाची बजाज टेम्पोने परवान्यावर केलेली ती आवृत्ती: २.४ लिटर, दणकट, आणि सुटे भाग पुण्यात नाना पेठेत हमखास मिळणारे. कुणी अँबॅसेडरचं इसुझू डिझेल बसवलं, कुणी थेट ट्रॅक्टरचं.

मी ज्या मिस्त्रींकडे बसलो त्यांना सगळी गल्ली मामा म्हणते. साठी ओलांडलेले, बोलणं मोजकं. त्यांच्याकडे उंच बॉनेटची, लष्कराच्या लिलावातून आलेली एक पेट्रोल जीप उभी होती. मालक पन्हाळ्याच्या बाजूचे गुऱ्हाळवाले. त्यांना तिच्यात मेटॅडोरचं इंजिन हवं होतं. इंजिन लाकडी ओंडक्यांवर ठेवलेलं, जीपचं नाक उघडं. मला वाटलं होतं की मामा आधी इंजिन खोलतील. त्यांनी गिअरबॉक्सपासून सुरुवात केली.

“इंजिन बसवणं सोपं हाय,” ते म्हणाले. “चेन ब्लॉक लावला की बसतंय. सेंटर घावलं पायजे.”

त्या सेंटरमागची गोष्ट अशी. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट एकाच रेषेत फिरायला हवेत. शाफ्टचं पुढचं टोक क्रँकच्या शेवटी असलेल्या छोट्या पायलट बेअरिंगमध्ये टेकतं आणि मागचा भार गिअरबॉक्सचं बेअरिंग उचलतं. कारखान्यात हे आपोआप जुळतं, कारण दोन्ही भाग एकमेकांसाठीच कापलेले असतात. इथे इंजिन जर्मन वंशाचं, गिअरबॉक्स टी-९० हा अमेरिकन, आणि दोघांच्या बोल्टच्या भोकांचा मेळ कुठेच नाही. मधे येते पाऊण इंच जाडीची पोलादी प्लेट. तिच्या एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला क्लच झाकणाऱ्या बेल हाउसिंगची. भोकं पाडणं कुणालाही जमेल. दोन्ही भोकसंचांचा मध्य एकाच ठिकाणी आणणं हे खरं काम.

मामांनी इंजिनाचे नोझल काढून ठेवले होते, म्हणजे कॉम्प्रेशन अडवणार नाही आणि क्रँक हाताने फिरेल. प्लेट लावली, तिच्यावर रिकामं हाउसिंग चढवलं, बोल्ट नुसते हाताने बसवले. मग फ्लायव्हीलवर चुंबकाचा स्टँड, त्यावर डायल गेज, आणि गेजचं टोक हाउसिंगच्या मधल्या मोठ्या भोकाच्या आतल्या कडेला. गिअरबॉक्स नेमका त्याच भोकात बसतो. पोऱ्याने क्रँक सावकाश फिरवला. काटा हलायला लागला. पूर्ण फेऱ्यात अठरा थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. काट्यावर दिसतं ते खऱ्या चुकीच्या दुप्पट असतं, त्यामुळे मध्य नऊ थाऊने सरकलेला होता. मामांनी तांब्याची हातोडी घेतली आणि हाउसिंगच्या कडेला एक हलका ठोका दिला. पुन्हा फेरा. अकरा. पुन्हा ठोका, या वेळी तिरका. सहा. मग त्यांनी बोल्ट आळीपाळीने समोरासमोरचे आवळले, आणि काटा पुन्हा नऊवर गेला. मला हे अपेक्षित नव्हतं. त्यांना होतं. आवळताना प्लेट सरकते, म्हणून ते ढिल्या बोल्टवरचं माप मापच धरत नाहीत. कितीतरी वेळ हे ढिलं करणं, ठोकणं, आवळणं, फिरवणं चाललं. दुपारचा चहा येऊन गार झाला. शेवटी काटा चारवर थांबला. त्यांची मर्यादा पाच थाऊंची आहे, म्हणजे मिलिमीटरचा साधारण आठवा भाग. ते पुस्तकातून आलेलं नाही, पण पुस्तकंही जवळपास हाच आकडा सांगतात.

त्यानंतर त्यांनी आवळलेल्या अवस्थेतच दोन भोकं पाडली, रीमर फिरवून साफ केली आणि त्यात डॉवेल पिन ठोकल्या. बोल्ट फक्त धरून ठेवतो, जागा सांगते ती पिन. पुढे कधी क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवला तर हे सगळं माप पिनांमुळे जसंच्या तसं परत मिळतं. गल्लीतली निम्मी गॅरेजं पिन घालत नाहीत, असं मामा म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं. मध्य चुकला तरी गाडी चालूच होते. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. मग कधीतरी चढावर तिसरा गिअर आपोआप निसटतो, क्लच सोडताना गाडी थरथरते, पायलट बेअरिंग जळतं, शाफ्टचं बेअरिंग रडायला लागतं, आणि मालक गिअरबॉक्सला दोष देतो.

पायलटचीही तीच कथा. क्रँकचं भोक मोठं, शाफ्टचं टोक बारीक. मधे गनमेटलचा बुश लेथवर उतरवून घेतला. क्लच प्लेटचं काम मला सगळ्यात आवडलं: प्लेटचा व्यास आणि अस्तर मेटॅडोरचं, कारण फ्लायव्हील मेटॅडोरचा, पण मधला दात्यांचा गाभा जीपचा, कारण शाफ्ट जीपचा. दोन प्लेटा खोलून एक केली, रिव्हेट नवे ठोकले. माणसांनी एकमेकांसाठी न बनवलेल्या दोन वस्तू एका रेषेत आणणारं हे कौशल्य आपल्याकडे कुठल्या अभ्यासक्रमात शिकवलं जात नाही, आणि ते हातातून हातात जाण्याची साखळी आता फार बारीक झाली आहे, याची मला काळजी वाटते. नव्या गाड्यांचं इंजिन संगणकाच्या पेटीशिवाय सुरू होत नाही. पोरं स्कॅनर शिकतात, आणि ते बरोबरच आहे. पण डायल गेज धरणारा मुलगा मामांकडे एकच होता.

अडचणी खऱ्या त्यापुढे सुरू होतात. डिझेलचं वजन पुढच्या पाट्यांवर येतं. पाटे बसले की खड्ड्यात पुढचा अॅक्सल वर येऊन इंजिनाच्या तेलाच्या चेंबरला आपटतो. त्यामुळे एक तर पाटा वाढवायचा किंवा इंजिन मागे-वर सरकवायचं. मागे सरकवलं की मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो. या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर मुळातच ऐंशी इंच, त्यामुळे शाफ्ट आधीच तोकडा. आणखी आखूड केला की जॉइंट क्रॉसचा कोन वाढतो आणि तो लवकर खातो. डिझेलचे हादरे वेगळे, म्हणून इंजिन फाउंडेशनची रबरं नवी लागतात आणि चासीवर ब्रॅकेट वेल्ड करताना चासीला चीर पडणार नाही हे बघावं लागतं. पेट्रोल इंजिन चावी फिरवली की बंद होतं. जुन्या डिझेलला पंपाचा पुरवठा तोडणारी स्टॉप केबल ओढावी लागते, आणि ती डॅशबोर्डपर्यंत आणावी लागते. टाकीला उरलेलं डिझेल परत नेणारी दुसरी नळी हवी. बॅटरी मोठी हवी, हीटर प्लगची वायर जाड हवी.

वेगाचा हिशोब तर फारच थोडे मालक करतात. सीजे-३बीच्या अॅक्सलचं गुणोत्तर ५.३८. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला, तर ताशी साठ किलोमीटरला चाक मिनिटाला ४४४ फेरे घेतं आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन जवळजवळ २४०० फेरे. ऐंशीला ३२००. मेटॅडोरचं इंजिन ते सोसतं, पण कानठळ्या बसतात. ट्रॅक्टरचं इंजिन संथ फिरायला बनवलेलं, ते साठच्या आतच दम टाकतं. मग मालक म्हणतो की क्राऊन-पिनियन बदलून द्या. गुणोत्तर उतरवलं की रस्त्यावर बरं वाटतं, आणि चिखलात, चढावर ज्या जोरासाठी जीप घेतली तो जोर जातो. आणि वेग वाढला तरी ब्रेक तेच, नऊ इंचांच्या ड्रमचे. मामा ब्रेक बघितल्याशिवाय गाडी देत नाहीत. हा त्यांचा नियम मला प्लेटच्या मापापेक्षाही मोठा वाटतो.

आणि मग कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आणली. मान्यताप्राप्त किट बसवून गाडी सीएनजीवर किंवा विजेवर नेता येते. मेटॅडोरचं इंजिन किट नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं, आणि ज्याला धडक बसली त्याचं काय, हा प्रश्न त्याहून मोठा.

कायद्यामागची भीती मला मान्य आहे. पिन न घातलेल्या प्लेटा आणि नऊ इंचांच्या ड्रमवर ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या वडापच्या जीपा मी लहानपणी पाहिल्या आहेत, त्यांतून प्रवासही केला आहे. पण जर्मनीत एकट्या बदललेल्या गाडीची तपासणी करून तिला मान्यता देण्याची सोय आहे. ब्रिटनमध्येही एकेका वाहनाला मंजुरी देणारी यंत्रणा आहे. आपल्याकडे पुण्यात एआरएआयसारखी गाड्या तपासणारी संस्था असताना मामांच्या कामाला तपासणीसाठी उभं राहायला दारच नाही, हे मला पटत नाही. मामांनाच मी विचारलं, असं दार उघडलं तर तुमची जीप पास होईल का. त्यांनी बराच विचार केला. ब्रेक होतील, फाउंडेशन होईल, वजनाचा काटा दाखवता येईल, सेंटर तर कुणीही येऊन मोजावं. “धूर न्हाई व्हायचा,” ते म्हणाले. या वयाचं डिझेल आजच्या धुराच्या निकषांत बसत नाही, आणि त्यावर कुठल्याही लेथवर काही उतरवता येत नाही.

गुऱ्हाळवाल्यांचं म्हणणं होतं की गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही, उसातून गुऱ्हाळापर्यंत आणि मागच्या डोंगरात एवढंच. मामांनी त्यांना शेताचा नकाशा काढायला लावला. गुऱ्हाळ एका बाजूला, ऊस दुसऱ्या बाजूला, आणि मधून जिल्हा मार्ग गेलेला. तो ओलांडायला दहा पावलं लागतात. मामांनी प्लेट कपाटात ठेवली आणि हरिकेनचा ब्लॉक रिबोरिंगला पाठवायचा खर्च किती येईल ते मालकांना लिहून दिलं.